आमच्या वाडीतलं कूर्ग

बारावीला मी इंग्रजी सोडून बाकी सगळ्या विषयांत नापास झाले, आणि म्हणूनच मला कूर्ग बघायला मिळालं. झालं असं, की वसईजवळच्या गास गावातल्या आमच्या वाडीवाल्यांनी, म्हणजे केळी, पानवेल आणि फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी, वर्गणी काढून एक बस ठरवली होती. कर्नाटकातल्या डोंगरात लोक कॉफी आणि मिरी कशी पिकवतात ते बघायचं, आणि जमलं तर इकडे काही लावून बघायचं, असा बेत होता. तिथल्या माणसांशी बोलायचं कसं, हा प्रश्न निघाल्यावर आमचे पप्पा भर सभेत उठून म्हणाले, "आमची जसिंता आहे की. इंग्रजीत पास झालीय." बाकीच्या विषयांचं कोणी विचारलं नाही आणि पप्पांनीही तो विषय काढला नाही. अशा रीतीने नापास मुलगी दुभाषी होऊन निघाली, आणि ज्या मुली पास झाल्या होत्या त्या बिचाऱ्या कॉलेजात गेल्या.

आमच्या घरात आम्ही जी बोली बोलतो ती इथे लिहिली तर वसईबाहेरचा वाचक दुसऱ्या ओळीला पुस्तक मिटेल, आणि वसईतला वाचक "हे असं लिहितात होय?" म्हणून भांडायला घरी येईल. म्हणून मी सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावते आहे. रोझी आत्याने हे वाचलं असतं तर म्हणाली असती, "मी कधी गं एवढी शहाण्यासारखी बोलले?" रोझी आत्या ही पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. का नाही केलंस विचारलं की म्हणायची, "वेळ कुठे मिळाला?" आणि ते खरंच होतं. पहाटे चर्चची घंटा व्हायच्या आधी ती लुगडं खोचून पानवेलीत शिरलेली असायची. आमच्या घराला जाग यायची ती तिच्या पानं खुडण्याच्या टक् टक् आवाजाने, त्याच्यामागोमाग बावखलावरच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरच्या, पंपाच्या फटफटीने, आणि मग आईच्या हाकेने, की भाकऱ्या थंड होतायत, नंतर बोंबलू नका. आत्या आजारी वेलीचं पान नुसतं बोटांत धरून सांगायची, हिला पाणी जास्त झालं, हिला ऊन. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक डॉक्टरला बोलवावं तसं तिला बोलवायचे. घरातल्यांना मात्र डॉक्टरची किंमत नसते, हे सगळीकडे सारखंच.

बस निघाली ती सुके बोंबील, फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. आत्या पानवेलीसाठी घरीच राहिली. ड्रायव्हर शाकाहारी होता. बेळगावपर्यंत त्याने मान खिडकीबाहेर काढूनच गाडी हाकली. आमच्याकडे डोंगर म्हणजे पूर्वेला लांब उभा असलेला तुंगारेश्वर. त्याच्याशी आमचा संबंध एवढाच, की त्याच्या डोक्यावर ढग अडले तर मिरच्या वाळत घालायच्या नाहीत. कूर्गमध्ये मात्र माणसं डोंगराच्या अंगावरच राहत होती. सपाट जागा म्हणून दिसत नव्हती. रस्ता वळायचा, परत वळायचा, बसमधली अर्धी माणसं ओकायची आणि उरलेली अर्धी "काय हिरवं आहे हो!" म्हणायची. उंच उंच झाडांच्या सावलीत कमरेएवढी कॉफीची झुडपं, ओढ्याकाठी वेलची, मधेच संत्र्याची झाडं, आणि प्रत्येक उंच झाडाला खालपासून वरपर्यंत गुंडाळलेली मिरीची वेल. एकाच तुकड्यात चार पिकं. आमचे शेतकरी बसमधून उतरले की आधी वाकून मूठभर माती उचलायचे. आमच्यातल्या सायमन मास्तरांनी तर ती जिभेवर ठेवून बघितली आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा आळणी आहे."

ज्यांच्या मळ्यावर आम्ही दोन दिवस राहिलो त्यांचं नाव पोन्नप्पा. गुडघ्यापर्यंत खाकी पँट, पायात गमबूट, आणि तोंडात असं इंग्रजी की माझं पास झालेलं इंग्रजी घाबरून मागे लपलं. घरात भिंतीवर बंदूक, तिच्याखाली पूर्वजांसाठी लावलेला दिवा. त्यांच्या बायकोने साडीच्या निऱ्या मागच्या बाजूला खोचल्या होत्या. तिथल्या बायका तशाच नेसतात. आईने मला कोपराने ढोसलं, "अगं सांग तिला, घाईत साडी उलटी नेसलीय बिचारी." हे मी भाषांतर केलं नाही. मग जेवायला बसलो, तर ताटात तांदळाची भाकरी, आणि तिच्याबरोबर कसल्यातरी काळ्या आंबटात शिजवलेलं झणझणीत पोर्क. हिंदूंच्या घरात आमच्या सणाचं पोर्क, आमचं इंद्याल म्हणावं असं काहीतरी! पप्पांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ही आपलीच माणसं. वाटेत उतरली आणि बस चुकली असणार."

पण पप्पांच्या मनात घुसलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोन्नप्पांच्या अंगणात मिरीचा व्यापारी आला. अंगणभर कॉफी वाळत पडली होती. पोन्नप्पा खुर्चीत बसले होते आणि व्यापारी उभा होता. त्याने मिरी तळहातावर घेतली, फुंकली, एक दाणा दाताखाली फोडला, भाव बोलला. पोन्नप्पांनी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता मान हलवली, नाही. व्यापारी परत बोलला. परत नाही. शेवटी व्यापारी घाम पुसत हसला आणि वाढवून बोलला, तेव्हा पोन्नप्पांनी त्याच्यासाठी खुर्ची मागवली. पप्पा हे तोंड उघडं टाकून बघत होते. मुंबईच्या बाजारात ते केळफुलं आणि पानांच्या टोपल्या घेऊन जायचे तेव्हा दलाल मान वर करून बघतही नसे. "ठेव तिकडे" म्हणायचा, आणि पप्पा ठेवायचे. परतीच्या बसमध्ये ते मला म्हणाले, "जसू, शेतकरी बसलेला आणि व्यापारी उभा, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं." मला तेव्हा काय कळणार? मी पोर्कचाच विचार करत होते.

निघताना पोन्नप्पांनी पप्पांना ओल्या गोणपाटात गुंडाळून मिरीच्या वेलीचे तुकडे दिले. पप्पा म्हणाले होते, "ही तर आपली पानवेलच," कारण दोघींचं पान हुबेहूब सारखं. पोन्नप्पांनी सांगितलं, मी पप्पांना सांगितलं, की या चुलत बहिणी आहेत. एकीचं पान घ्यायचं, दुसरीचं फळ. तिसऱ्या वर्षी फळ धरेल.

आता यातली मेख सांगते. पप्पांचा धाकटा भाऊ पास्कल काका. तो मुंबईला ऑफिसात होता आणि विरार पूर्वेला चंदनसारमध्ये फ्लॅट घेऊन राहत होता. माणूस वाईट नव्हता. नाताळला आम्हा मुलांना नवे कपडे तोच आणायचा. पण त्या वर्षांत वसईत दर दोन वाड्यांआड एका वाडीत बिल्डरची पाटी लागत होती, आणि काकाचं म्हणणं होतं की आपणही द्यावी. "इनास, केळी विकून तू म्हातारा झालास. आपल्याला दोघांना फ्लॅट मिळतील, वर चार पैसे." पप्पा वर्षभर नुसते "बघू" म्हणत होते. कूर्गहून आल्यावर मात्र त्यांनी काकाला बोलावलं आणि ओटीवर बसवून सांगितलं, "तीन वर्षं दे. तिसऱ्या वर्षी मिरी लागली तर वाडी राहील. नाही लागली तर तू म्हणशील तिथे सही करतो." काकाने हात पुढे केला, पप्पांनी धरला. आत्या बाजूलाच बसून पानांच्या चळती लावत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. ती चळती लावत राहिली.

खरं सांगायचं तर मला मनातून मिरी लागायला नको होती. मला फ्लॅट हवा होता. घरातल्या घरात संडास हवा होता, चिखल नको होता, आणि पत्ता सांगताना "वाडीत, बावखलाजवळ" असं न म्हणता "तिसरा मजला" म्हणायचं होतं. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

पप्पांनी वेली सुपारीच्या झाडांना चढवल्या आणि आत्याला एकच वाक्य सांगितलं, "बाय, ह्यांना हात लावायचा नाही." थोरल्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. का हात लावायचा नाही, ते सांगितलं नाही. जिने जन्मभर वेली वाढवल्या तिला वेलीबद्दल काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल, किंवा आपण पोन्नप्पांसारखे मळेवाले झालो असं वाटलं असेल. आत्या लांबून बघायची आणि नाक मुरडायची. तिचं मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं, की त्या कूर्गवाल्याने इनासला रानटी पानवेल गळ्यात मारली. "मिरी म्हणे! पान बघ, देठ बघ, चढायची तऱ्हा बघ. माझ्या डोळ्यांना शिकवतात," असं ती चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगायची. वर तिच्या जिवाला एक घोर लागलेला. पानवेलीची पानं वेळच्या वेळी खुडली नाहीत तर वेल माजते, आणि वर्षातून एकदा ती आधारावरून उतरवून, वेटोळं करून मातीत पुरली नाही तर म्हातारी होते. आणि इथे तिच्या डोळ्यांदेखत वेली खुडल्यावाचून, उतरवल्यावाचून तीन वर्षं नुसत्या वर चालल्या होत्या. सुगरणीसमोर कोणी दूध उतू जाऊ द्यावं तसं तिला होत असणार.

तिसऱ्या वर्षी मिरी धरली. पानांमागून हिरवे लोंबते तुरे आले, आणि त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. पप्पा रोज सकाळी शिडी लावून वर चढायचे आणि कोणी बघत नाही असं बघून एकेका तुऱ्याला बोट लावायचे. काकाला कळवायचं नाही, दाणा भरला की एकदम दाखवायचा, असा त्यांचा बेत. सप्टेंबरात वेलंकणीमातेची जत्रा असते, पप्पा म्हणाले, "नवस बोललो होतो. दाणा भरेपर्यंत टिकू दे म्हणून पाया पडून येतो." ते आणि आई मद्रासच्या गाडीत बसले. जाताना मला बजावून गेले, "जसू, वेलींवर लक्ष ठेव. पाखरं येतात." पाखरांवर माझं लक्ष होतं. घरातल्या माणसांवर ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पाखरांवरचंही दोन दिवस नाहीच ठेवलं. काकाने चंदनसारला दोन दिवस राहायला बोलावलं, शेजारच्या नव्या बिल्डिंगमधला सॅम्पल फ्लॅट दाखवतो म्हणाला. मी उड्या मारत गेले. तिथे लिफ्ट बसवायची बाकी होती पण लिफ्टचा खड्डा तयार होता; आम्ही सगळे त्याच्या कडेला उभे राहून खाली वाकून बघत होतो आणि "वा" म्हणत होतो. फ्लॅटमध्ये मी नळ सोडला, बंद केला, खिडकी सरकवली, बंद केली. विक्रीवाल्या पोराने थंडा पाजला. मला वाटलं हेच स्वर्गसुख.

परत आले तर वाडीत उजेड जास्त वाटला. बघते तर सुपारीची झाडं खालपासून वरपर्यंत नागडी. एक पान नाही, एक तुरा नाही. मिरीच्या वेली झाडांवरून सोडवून, व्यवस्थित वेटोळं करून, मुळाशी मातीत पुरलेल्या, वर शेणखत. असं सुबक काम की बघत राहावं. आणि आत्या बावखलाच्या पायरीवर दमून बसलेली, चेहऱ्यावर एखाद्याचा जीव वाचवल्याचं समाधान.

"वाचवल्या बघ," ती म्हणाली. "इनास नाही आणि वेलींना देवी निघाल्या होत्या. सगळ्या अंगभर पुटकुळ्या! मी म्हटलं, त्याने तीन वर्षं पोटच्या पोरासारख्या सांभाळल्या, आता हा रोग माझ्या पानवेलीत पसरेल आणि ह्याच्याही मरतील. हात लावू नको म्हणाला होता, पण मरणाऱ्याला हात लावायला परवानगी लागते का? एक पान चावून बघितलं, तर हे तिखट! रोगानेच तिखट झालेलं. सगळं जाळून टाकलं. एकही पान गिऱ्हाइकाला दिलं नाही हां मी."

मी तिला म्हटलं, "आत्या, त्या पुटकुळ्या म्हणजे मिरी गं." ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. तिने स्वयंपाकघरातून मिरीचा डबा आणला, एक काळा दाणा हातावर घेतला, जळून राहिलेल्या ढिगातून अर्धा तुरा शोधून काढला आणि कितीतरी वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसली. "पण पानवेलीला असं कधी येत नाही," ती शेवटी म्हणाली. मग परत तेच म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी घाबरून आत गेले.

पप्पा वेलंकणीहून आले ते डोक्याचे केस उतरवून, हातात प्रसादाची पिशवी आणि तेलाची बाटली घेऊन, आणि चपला न काढता तडक वाडीत गेले. मी दारातून बघत होते. मला वाटलं आता आरडाओरड होईल. त्यांनी एकेका झाडाला हात लावला, बस्स. मग आत येऊन आत्याला म्हणाले, "बाय, हा घे प्रसाद." ते तिला एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, आत्या तीन दिवस जेवली नाही. आई मधल्या मधे दोघांची ताटं वाढायची आणि उचलायची आणि राग सगळा माझ्यावर काढायची, "लिफ्ट बघायला गेली होती, लिफ्ट!" पाखरांचं नावही कोणी काढलं नाही.

मुदत संपल्यावर एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पास्कल काका आला. बरोबर बिल्डरचा माणूस, त्याच्या काखेत फाईल. काकाने वाडीत फेरी मारली, उघड्या सुपाऱ्या बघितल्या, आणि परत येऊन म्हणाला, "इनास, मला वाईट वाटतं रे. खरंच. पण शब्द तो शब्द." दाखवायला पप्पांकडे एक दाणाही नव्हता. ते म्हणाले, "शब्द तो शब्द," आणि त्यांनी पेन मागितलं. मी त्यांच्या मागेच उभी होते. इनास लिहिताना त्यांची इ कागदाच्या बाहेर गेली. मला जो फ्लॅट हवा होता तो त्या क्षणी मला मिळत होता, आणि मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पप्पांच्या खाली काकाने सही केली. मग बिल्डरच्या माणसाने पान उलटलं आणि म्हणाला, "आता बहिणीची."

"हां, बाय, इकडे ये, इथे एक सही कर," काका म्हणाला, जसं काही मीठ आणून दे म्हणावं. आत्या आतून हात पुसत आली. चुलीवर पोर्क होतं. तीच रांधायला बसली होती, कारण भाऊ जेवायला येणार होता.

"माझी सही कशाला?" तिने विचारलं.

"तुमचाही हिस्सा आहे ना, मावशी," बिल्डरचा माणूस म्हणाला. "वडिलांच्या मागे तिघं वारस. तिसरा हिस्सा तुमचा."

"कधीपासून?"

"वडील वारले तेव्हापासून."

आमच्यात मुलींना वाटा असतो. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आठवत कोणालाच नव्हतं, आत्यालाही नव्हतं. ती पेन हातात घेऊन उभी राहिली. आधी काकाकडे बघितलं, मग पप्पांकडे.

"आणि मी मेली तुम्हाला विचारून शेवग्याच्या शेंगा काढत होते?" ती म्हणाली. "तीन वर्षांमागे तुम्ही दोघांनी ह्या ओटीवर बसून वाडीचा सौदा केलात, मी तिथे बसले होते, पानं मोजत. माझ्या वाडीचा सौदा! मला विचारलंत? मिरी कशी येते, फळ कसं दिसतं, एक शब्द सांगितलात? सांगितला असता तर मी पाखराला फिरकू दिलं असतं का तिथे?"

"बाय, आम्ही शब्द दिलाय..." काका म्हणाला.

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला." तिने पेन झाकण लावून बिल्डरच्या माणसाच्या खिशाला अडकवलं. "माझ्या सहीचं मिरी लागल्यावर बघू. मी मारली, मीच जगवीन. तोवर फाईलवाल्या दादा, तू जा, आणि जेवायचं असेल तर हात धू."

बिल्डरचा माणूस हात न धुताच गेला. काका लाल होऊन पायरीवर बसला. मग पप्पा उठले. ज्या माणसाने पोन्नप्पांना माझ्याकडून शंभर प्रश्न विचारले होते, पत्रं पाठवून खत विचारलं होतं, पाणी विचारलं होतं, तो माणूस आपल्या बहिणीसमोर जाऊन उभा राहिला आणि शाळेतल्या पोराच्या आवाजात म्हणाला, "बाय, आता ह्या वेलींना काय करायचं? तू सांग ना."

"विचारलंस होय रे एकदाचं," एवढं म्हणून आत्या पदर तोंडाला लावून अशी रडली की आईही रडायला लागली, आणि आईला बघून मी. मग नाक पुसून तिने सांगायला सुरुवात केली, कुठली वेल कधी काढायची, कुठल्या बाजूने चढवायची, ऊन किती. पप्पा खाली पाटावर बसून ऐकत होते आणि काकाही हळूहळू सरकत जवळ आला होता. आत पोर्क करपत होतं. सगळ्यांना वास येत होता, पण मध्येच उठून जायची कोणाची छाती झाली नाही.